विद्यार्थ्याची खुर्ची

जिल्ह्यातल्या कॉलेजांत मुलांच्या तक्रारी ऐकणाऱ्या आम्हा प्राध्यापकांचा संघ आमच्यातल्याच एका ज्येष्ठ सरांनी उभा केला. बैठक तळेऱ्याला, कारण सगळ्यांच्या एसट्या तिथे थांबतात. खुर्च्या ते स्वतः गोल मांडत आणि एक रिकामी ठेवत. ती विद्यार्थ्याची, बोलायचं ते तिच्याकडे बघून, असा त्यांचा दंडक. आणि ‘तुझं बरोबर आहे, पण माझ्या हातात काही नाही’ हे वाक्य कुणी उच्चारायचं नाही, हा दुसरा.

आपापल्या प्राचार्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या तशी माणसं गळाली. यंदा मी एकटाच गेलो. तरीही सरांनी सगळ्या खुर्च्या मांडल्या आणि स्वतः विद्यार्थ्याच्या खुर्चीत जाऊन बसले. एका मुलीची तक्रार दाबायला नकार दिला, म्हणून संस्थेने त्यांना कामावरून काढलं होतं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “आता माझी तक्रार संघान ऐकूक व्हयी.”

संघ म्हणजे त्या खोलीत मी. मी तोंड उघडलं, तोच त्यांनी हात वर केला.

“रव रे. ता वाक्य तू बोलू नको. मीच म्हणतंय.”

आणि माझ्याकडे न बघता, बैठकीतल्या स्वच्छ पुस्तकी मराठीत, त्यांनी ते म्हणून टाकलं.