टेबलाची कड

१४ जानेवारी १९९४, शुक्रवार. दौलताबादचे पेरू दोन किलो, बोरं एक किलो. एकूण चौदा रुपये. घरात मी, बायको आणि धाकटा भाऊ.

विद्यापीठाच्या नामविस्ताराचा तो दिवस. शहरात तणाव होता, गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. लग्नानंतरची पहिलीच संक्रांत असून बायको वाण द्यायला बाहेर पडली नाही. फळं उरली. चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या भावानं ती मागून घेतली, टेबलावर चादर चुरगळून मांडली आणि तीन दिवस रंगवत बसला. चित्र प्रदर्शनाला जायचं होतं. निवडलं गेलं, तर तो पुढं शिकायला मुंबईला जाणार होता.

मी वाळूजला कंपनीत तपासणी खात्यात होतो. मापात न बसणाऱ्या नगाला लाल रंग लावायचा, हे माझं काम. त्याच सवयीनं मी चित्रावर पट्टी धरली. चादरीच्या डावीकडची टेबलाची कड उजवीकडच्या कडेपेक्षा पाऊण इंच वर होती. मी म्हणालो, पेरू गडगडतील.

"दादा, मी बसून बघितलंय आणि उभं राहूनबी. दोन्ही काढलंय."

"भावजी, ह्यांना पेरूतबी माप लागतं," बायको म्हणाली.

मी हसलो नाही. पाठवायचं तर सरळ करून पाठव, म्हणालो. त्याच्या कॉलेजची फी मी भरत होतो. त्यानं माझीच पट्टी घेतली आणि कड सरळ केली. मग फळंही हलवावी लागली, रंग गढूळ झाले. चित्र परत आलं. जूनमध्ये मी त्याला आमच्याच कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर लावून दिलं. त्यानंतर त्यानं ब्रश धरला नाही. मी कधी विचारलंही नाही.

गेल्या वर्षी तो गेला. त्याच्या ट्रंकेत ते चित्र होतं, आणि एका नावाजलेल्या परदेशी चित्रकाराच्या सफरचंदांचं छापील पान. त्या पानातल्या टेबलाची कडही चादरीच्या दोन बाजूंना जुळत नव्हती. मी दोनदा मोजली.

चित्र गुलमंडीला फ्रेमवाल्याकडं नेलं. वरचा रंग जागोजागी उडाला होता.

"खालची जुनी रेघ दिसायलीय, साहेब. रंगाचा हात मारून झाकू का?"

"नको. ती राहू द्या."

फ्रेम आणि काच मिळून सहाशे वीस रुपये झाले. रोख दिले, फ्रेमवाल्याला.