नळीच्या तोंडावरचा अंगठा

काल देवळीच्या मळ्यात वांग्यांना पाणी देताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला, आणि ओल्या मातीच्या वासासरशी माझे सासरे आठवले. तरुणपणी ते इंग्रजांच्या फौजेत होते; आफ्रिकेच्या वाळवंटात चिलखती गाडी चालवायचे. एकदा ते याच मळ्यात पाणी देत होते; मी तेव्हा नवी सून, पण विचारायची हौस भारी.

"मामाजी, तुमी नेहमी सांगता त्या जर्मनांच्या तोफेत असं काय होतं?"

त्यांनी नळीवर अस्साच अंगठा दाबला. पाणी सणकन तिसऱ्या वाफ्यात जाऊन पडलं.

"तिची नळी मांगून रुंद, तोंडाशी अरुंद. गोळा आत दबत जाये, म्हणून असा जोरात सुटे. लोखंडाच्या आरपार! पण गोळ्याचा तो कडक धातू जर्मनीले पुरला नाई. मंग तोफा तशाच पडल्या."

मला गंमतच वाटली. "तुमच्या गाडीले लागला का कधी?"

"लागला ना. मी पाणी आणाले गेलतो. गाडीत तिघं होते."

त्यांनी अंगठा काढला. धार त्यांच्या पायांवर सांडत राहिली.

"किती दुरून मारला असंन?" मी लगेच पुढचं विचारलं. नळीकडेच बघत होते मी. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं राहूनच गेलं.