न झिजलेला वॉकर

दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला वाचनालयाच्या माडीवर क्लबाची सभा भरते. आधी घंटा, मग हजेरी, मग कोणी काय केलं आणि कोण काय करणार. रक्तदानाला किती जण आले, रस्त्याकडेच्या रोपांना पाणी घालायची पाळी कोणाची, अंध मुलींच्या वसतिगृहात वर्तमानपत्र वाचायला कोण जाणार. खिडकीजवळच्या खुर्चीत मास्तर बसतात. नव्या सभासदांना वाटतं, हे शाळेत शिकवत असावेत. कोणीतरी त्यांना ऱ्हस्वदीर्घ विचारतं. मास्तर म्हणतात, "मी टेलर मास्तर. चाळीस वर्षं लोकांचे हातपाय मोजले. शब्दांचं काही मोजलं नाही."

क्लबात त्यांच्याकडे एकच काम आहे, आणि नऊ वर्षांत ते दुसऱ्या कोणी मागितलेलं नाही. जिन्याखाली एक बुटकी खोली आहे. तिच्यात कुबड्या, काठ्या, चाकाच्या खुर्च्या, दोन लोखंडी खाटा आणि वॉकर. ज्याला गरज असेल त्याने न्यायचं, महिन्याने सभेच्या वेळी आणून दाखवायचं, लागलं तर पुन्हा न्यायचं. खुर्च्या घडी घालून एकमेकींच्या मांडीत बसवलेल्या असतात. कुबड्या भिंतीला टेकून उभ्या असतात, त्यांनाच आधार लागत असल्यासारख्या.

परत आलेली वस्तू मास्तर आधी उलटी करतात. वॉकरच्या चार पायांना खाली रबरी टोप्या असतात. त्या कुठे झिजल्या आहेत ते बोटाने चाचपून पाहतात. डावी आतून झिजली असेल तर माणूस डावा पाय ओढतो. पुढच्या दोन्ही गुळगुळीत झाल्या असतील तर घाईचा आहे, ढकलत चालतो. एकेकाळी पँटच्या खालच्या दुमडीवरून ते गिऱ्हाइकाची चाल ओळखायचे. त्यातलंच हे. टोपी बदलतात, पाय पुसतात, वहीत तारीख घालतात.

पण विचारत काहीच नाहीत. वहीत नेणाऱ्याचं नाव आहे, वस्तू आहे, तारीख आहे. आजारी कोण, हा रकानाच नाही. तो मास्तरांनी मुद्दामच ठेवलेला नाही. पहिल्या वर्षी एक मुलगी वडिलांसाठी नेलेली हवेची गादी परत द्यायला आली होती. मास्तरांनी हसून विचारलं, "काय, बरे झाले ना बाबा?" ती म्हणाली, "झाले." आणि गादी नीट गुंडाळून ठेवून गेली. चार दिवसांनी मास्तरांना कळलं की वडील आदल्याच आठवड्यात गेले होते. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ती 'झाले' म्हणाली होती. त्या दिवसापासून मास्तरांनी तोंडाला टाका घातला. वस्तू का आली, का गेली, कोणासाठी, काही नाही. ही आपली सभ्यता आहे असं ते मानत, आणि तिचा त्यांना थोडा अभिमानही होता.

या सभ्यतेला पहिला धक्का दिला तो एका वॉकरने.

पोस्टातून निवृत्त झालेले एक ताडमाड गृहस्थ तो घेऊन गेले होते. महिन्याने ते आले तेव्हा वॉकर त्यांच्या खांद्यावर होता, शिडी न्यावी तसा. माडीच्या बावीस पायऱ्या ते न थांबता चढले. मास्तरांनी वॉकर उलटा केला. चारही टोप्या कोऱ्या. साच्यातून निघताना रबराला जी बारीक मिशी राहते, तीसुद्धा शाबूत. मास्तरांनी तारीख घातली. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तेच, मिशीसकट.

"चमत्कार आहे," क्लबातले वकील म्हणाले. "वॉकरला चालवणारा पेशंट."

"कपडे वाळत घालत असतील हो त्याच्यावर," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टर. सभेतसुद्धा बोलणाऱ्याच्या तोंडाकडे रोखून बघत, त्यामुळे लांबण कोणी लावत नसे.

मास्तरांनी वही मिटली. पण घरी जेवताना सूनबाईला ते सांगून झालं. सून म्हणाली, "बाबा, सरळ विचारा ना त्यांना. जीभ काय शिवणयंत्रात अडकलीय?"

"विचारायचं नाही म्हणजे नाही."

"मग झोप कशी लागणार तुम्हाला?"

लागली नाहीच. पडल्या पडल्या ते विचार करत राहिले: वॉकर घरात आहे, दर महिन्याला पुसून, चकचकीत करून आणला जातो, आणि जमिनीला लागलेला नाही. मग तो घरात करतो काय? रबर खोटं बोलत नाही. मग खोटं कोण बोलतंय?

चौथ्या महिन्याच्या सभेत अध्यक्षबाईंनी विषय काढलाच. एका बस ड्रायव्हरचं खुब्याचं हाड मोडलं होतं, त्याला वॉकर हवा होता, आणि जिन्याखाली एकही उरलेला नव्हता. पोस्टातले गृहस्थ वॉकर खांद्यावरून उतरवून दाराशी उभे होते.

"काका, हा आज इथेच ठेवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "वापर दिसत नाहीये."

गृहस्थांनी आधी मास्तरांकडे पाहिलं, मग छताकडे. "आठ दिवस द्या," ते म्हणाले.

"आठ दिवसांत काय होणार आहे?"

"डॉक्टर म्हणालेत, बायको या महिन्यात उभी राहिली नाही तर पाय आखडून जातील. मग नाही चालायची कधी. हा घरातून गेला, तर ती उठायचा विचारसुद्धा सोडून देईल."

एवढं ते एका दमात बोलले. चार महिन्यांत पहिल्यांदाच. मास्तर खुर्चीतून उठले. "आठ दिवस राहू दे," ते म्हणाले. "मी उद्या यांच्या घरी जाऊन बघून येतो."

वकिलांनी चष्मा काढून पुसला. "मास्तर, तुम्ही? घरी?"

"हो. बघून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मास्तर त्या घरात होते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खाट, खाटेच्या उशाशी रेडिओ, आणि खाटेसमोर बरोबर मधोमध वॉकर, फोटो काढायला उभा केल्यासारखा. खाटेवर बुटक्याशा, गोल चेहऱ्याच्या बाई बसल्या होत्या. पाय गोधडीखाली.

"तुम्हीच का ते मास्तर?" त्या म्हणाल्या. "यांनी तुमचं एवढं कौतुक केलंय, मला वाटलं चांगले उंचपुरे असाल."

"नाही वहिनी, मी लहान मापाचाच," मास्तर म्हणाले. मग थांबले. आणि नऊ वर्षांनी विचारलं, "काय झालं होतं?"

बाईंचा चेहरा एकदम बदलला. त्या सरसावून बसल्या. "पडले. स्टुलावरून. माळ्यावरची बरणी काढत होते. बरणी वाचली, मी मोडले. उजवी मांडी. आत सळई घातलीय. डॉक्टर म्हणतात हाड जुळलं, आता भार द्या. बसा ना. अहो, चहा ठेवा. कोणी विचारतच नाही हो. येतात ते यांनाच विचारतात, 'कशी आहे तब्येत,' आणि हे म्हणतात, 'ठीक.' संपलं. चार महिने मी 'ठीक' आहे."

"मग चालत का नाही तुम्ही?"

"अहो, मला काय धाड भरलीय न चालायला?" त्या म्हणाल्या. "जमत नाही. बघायचंय? बघा. अहो, पुढे करा तो."

पोस्टातले गृहस्थ आधण ठेवून आले आणि त्यांनी वॉकर चार बोटं पुढे सरकवला. बाईंनी खाटेचा कठडा धरला, चांगल्या पायावर भार देऊन उठल्या, आणि वॉकरच्या दांड्यांवर हात ठेवले. त्यांचे खांदे कानांपर्यंत गेले. कोपरं दोन्हीकडे पंखांसारखी वर आली. हात थरथरले. त्या मट्कन खाली बसल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "रोजचं नाटक एवढंच. एकप्रवेशी."

मास्तर बघत राहिले. काहीतरी त्यांच्या ओळखीचं होतं. थोरल्या भावाचा कोट घालून दुकानात आलेली माणसं त्यांनी शेकड्याने पाहिली होती. बाह्या बोटांवर आलेल्या, खांदे ओघळलेले, आणि तो माणूस कोटाऐवजी स्वतःलाच दोष देत असलेला. "मीच वाळलोय हल्ली," असं काहीतरी म्हणत.

"उंच होतोय हा तुम्हाला," ते म्हणाले.

"मी पहिल्याच दिवशी म्हटलं! पण हे म्हणाले, मास्तरांनी स्वतः टेप लावून माप घेऊन दिलाय, ते चुकायचं नाही. म्हटलं, मग मीच चुकत असेन. पायात जोर नसेल. मनात नसेल." त्या मधेच थांबल्या. नवऱ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "पण मी तर तुम्हाला आज पहिल्यांदा बघतेय. माप घेतलंत ते कुणाचं?"

स्वयंपाकघरात चहाचं आधण उकळत होतं. गृहस्थ आत जाऊन गॅस बंद करून आले.

मास्तरांना ती संध्याकाळ आठवली. सभेची घंटा होत आली होती. जिन्याखाली हे गृहस्थ वाकून उभे राहिले आणि म्हणाले, "वॉकर हवाय." बाकीचे लोक आपण होऊन सांगतात. 'आईला हवाय', आणि हाताने दाखवतात, एवढी आहे आई. यांनी काही सांगितलं नाही. मास्तरांनी काही विचारलं नाही. टेप काढला, "सरळ उभे राहा, हात सोडा" म्हणाले, जमिनीपासून मनगटापर्यंत मोजलं, वॉकरचे चारही पाय त्या मापाला ओढून लावले.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मास्तरांनी विचारलं.

गृहस्थ ओशाळले. "मला वाटलं, फॉर्म भरतात तसं असेल. नेणाऱ्याची उंची लिहून घेत असतील. नियम असेल एखादा."

"नियम!" बाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं पोस्टात काढली ना. उद्या कोणी म्हणालं, पाकिटाऐवजी तुमच्या कपाळाला तिकीट लावा, तर हे जीभ बाहेर काढतील."

"अगं, क्लबाच्या पावतीमागे छापलंय. साहित्यात स्वतःहून बदल करू नये. म्हणून हात नाही लावला. फक्त पुसत होतो."

ते वाक्य मास्तरांनीच छापून घेतलं होतं. वॉकर आडवा करून ते जमिनीवर बसले. प्रत्येक पायाला भोकांची एक रांग असते आणि आतून वर येणारं एक बटण. ते अंगठ्याने दाबायचं आणि पाय आत सरकवायचा. पहिला पाय चार भोकं आत गेला, टक् टक् टक् टक्. दुसरा, तिसरा. चौथ्याचं बटण जाम झालं होतं. मास्तरांच्या अंगठ्याला सुईने पडलेला जुना घट्टा होता, त्याने त्यांनी ते नेट लावून दाबलं.

"एवढंच होतं?" बाई वाकून बघत म्हणाल्या. "म्हणजे हा लहान होतो?"

"होतो."

"आणि मी चार महिने मोठी व्हायला बघत होते."

मास्तरांनी उठून खिशातला फोन काढला आणि अध्यक्षबाईंना लावला. पलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

"बोला मास्तर. नाही नाही, तुम्ही तोंड मिटू नका, उघडंच ठेवा. हां मास्तर?"

"हा वॉकर येत्या गुरुवारी परत येणार नाही. यांची चूक नाही. मी माप चुकीच्या माणसाचं घेतलं होतं."

घरघर थांबली. "तुम्ही? माप?"

"मी. सभेत सगळ्यांसमोर सांगेन. ड्रायव्हरसाठी नदीपलीकडच्या क्लबाकडे मी आज दुपारीच जातो, त्यांच्याकडे दोन पडून आहेत. आणि बाई, त्याची उंची काय आहे, कोणता पाय आहे, घरात जिना आहे का, ते मला विचारून सांगा. नाहीतर राहू दे. मीच विचारतो."

फोन ठेवून त्यांनी टेप काढला. बाईंना कठडा धरून उभं केलं, हात सोडायला सांगितला, मनगटाची घडी कुठे येते ते मोजलं. मग वॉकर पुढे ठेवला. "दांडे धरा. आधी हा पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला. घाई नाही."

बाईंनी दांडे धरले. कोपरं अंगालगत राहिली. खांदे खाली राहिले. त्यांनी एकदा स्वतःच्या हातांकडे पाहिलं, अनोळखी कोणाचे असावेत तसं. वॉकर पुढे गेला. उजवा पाय गेला. तिथे त्या इतका वेळ थांबल्या की पोस्टातले गृहस्थ पुढे धावले.

"हात लावू नका," त्या म्हणाल्या. "पावतीमागे लिहिलंय."

मग डावा पाय आला.

खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत अकरा पावलं झाली. मधे दोनदा थांबणं झालं. दारात उभं राहून त्यांनी आत नजर फिरवली आणि त्यांचा श्वास चढला होता तरी आवाज चढायचा राहिला नाही. "हे काय? चहाचा डबा खालच्या फळीवर कोणी नेला? आणि कपाच्या जागी खिळे?"

"सोयीचं पडतं," गृहस्थ पुटपुटले.

"कोणाला, खिळ्यांना?" पण त्यांचं लक्ष तिथे राहिलं नाही. त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या. "समोरच्यांनी भिंतीला रंग कधी दिला?"

"कुठे दिलाय?"

"अहो, ती काय. पिवळी होती. आता हिरवी दिसतेय."

गृहस्थांनी डोळे बारीक केले. "निळी आहे ती. आणि आधीपासून निळीच आहे."

"चार महिने रोज इथे उभं राहून चहा करताय आणि भिंत दिसली नाही? मास्तर, तुम्ही सांगा."

मास्तर पुढे आले. खिडकीच्या जाळीवर धूळ होती, मधे तार होती, तारेवर चादर वाळत होती. चादरीपलीकडे जे होतं ते हिरवं म्हणावं तर हिरवं होतं. त्यांनी आयुष्यभर कापडाच्या छटा ओळखल्या होत्या, पण इतक्या लांबून त्यांनाही सांगता येईना.

"जवळून बघायला पाहिजे," ते म्हणाले.

बाईंनी मागच्या दाराकडे पाहिलं. तिथपर्यंत आणखी चार पावलं, आणि मग दोन बोटं उंचीचा उंबरा. त्यांनी वॉकर वळवला. वळवायला वेळ लागला. पहिलं पाऊल, दुसरं. उंबऱ्याशी वॉकरचे पुढचे पाय थबकले.

"असं करा वहिनी," मास्तर सुरू झाले.

"थांबा, सांगू नका," त्या म्हणाल्या, आणि वॉकर उचलून त्यांनी बाहेर ठेवला.