तुझ्या वाट्याचं अंडं

ये गं, अशी जवळ बस, असं या चिठ्ठीतच म्हणते. दारात उभं राहून बोलायची तुझी सवय काही जायची नाही. गोवंडी सोडून चारकोपला गेलीस ते बरंच केलंस, नवऱ्याचं काम जवळ पडतं. पण मावशीला एकदा तोंड दाखवायला काय होतं तुला? पोरीचे व्हिडीओ पाठवतेस. व्हिडीओतल्या पोरीचा पापा घेता येतो का? तू समोर नाहीस म्हणूनच खरं तर लिहिते. समोर असतीस तर मला हे बोलवलं नसतं.

तुला ठाऊकच आहे, माझं काम म्हणजे गरोदर बायांच्या घरी जाऊन त्यांची चौकशी करायची. जिची तब्येत नाजूक, तिच्याकडे जास्त फेऱ्या. तुझ्या कार्डावर लाल शिक्का होता. रक्त कमी, आणि आधीचं बाळ पोटातच गेलेलं. त्यामुळे तुझ्या दारावर माझी टकटक सारखी.

ट्रेनिंगमध्ये मॅडम सांगायच्या, लोकांच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. मी मान हलवायची आणि सगळीकडे खायची. माझी आई गावी कुणाच्या दारात गेली तर तिच्या ओंजळीत पाणी वरून ओतायचे. आणि ती कुणाला पाणी देऊ गेली तर त्यांना तहानच नसायची. लहानपणी ते बघितलं आणि मनाशी घेतलं, आपल्यापुढे कुणी काही ठेवलं तर नाही म्हणायचं नाही. कुणाची भाकर, कुणाची शेवई, सगळं खाल्लं. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तर तू माझ्यापुढे अंडं ठेवायचीस. उकडलेलं, मधोमध कापलेलं, वर मीठ-मिरची. मीच तुझ्या नवऱ्याला सांगून अंडी आणायला लावली होती, त्यामुळे मला बघून बरंच वाटायचं. तू खाल्लंस का, विचारलं की म्हणायचीस, "माझं झालं मावशी, तुम्ही खा ना." मी खायची. वर दुधाचा चहा प्यायची. आणि तुला सांगायची, रक्ताच्या गोळीवर चहा पिऊ नकोस.

मग रक्त पुन्हा तपासलं तर होतं त्याहून खाली. मी तुझ्या घरी येऊन तुला किती बोलले. आठवतं ना? गोळ्या फेकतेस का, पोटातल्या जिवाची काळजी आहे की नाही, सगळं बोलले. आणि बोलताना हातात अर्धं अंडं, अर्धं तोंडात.

तुझी सासू तांदूळ निवडत होती. ती वर न बघताच म्हणाली, "अवो बाई, रक्त येईल कुठून? तुमी आलात की हिचा उपास."

"आई, गप बसा ना," तू म्हणालीस.

"का गप बसू? पोरगा अंडी आणतो, ही मावशीला म्हणून झाकून ठेवते. दूध पण तसंच. मला तर वासही देत नाही."

सासूला हसू आलं. मला तोंडातलं गिळता येईना आणि थुंकताही येईना. शेवटी गिळलंच. तू खाली मान घालून म्हणालीस, "इथं माझ्याकडे दुसरं येतंय तरी कोण, मावशी?"

मी उठले. चप्पल उलटी घातली तेही गल्लीच्या टोकाला कळलं.

पुढच्या फेरीला ठरवूनच आले, काही खायचं नाही. तू बशी पुढे केलीस, मी हात मागे घेतला. तुझा चेहरा असा उतरला. म्हणालीस, "आमच्या घरचं आता चालत नाही का?" गं बाई, माझी आईच समोर उभी राहिली माझ्या. मग मी माझ्या डब्यात घरून अंडं आणायला लागले. तू तुझं खा, मी माझं खाते, आणि आधी तू. तू लाजत लाजत खायचीस, सासू म्हणायची, "दोघी पोरी शाळेत डबा खायला बसल्यात जणू."

तरी पोरगी लवकर आली, एवढीशी. काचेच्या पेटीत ठेवली तेव्हा मी बाहेर उभी होते आणि गावाहून आलेल्या तुझ्या आईच्या डोळ्यात बघायची माझी हिंमत नव्हती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशाला पुष्कळ कारणं असतात. असतील. मला मात्र मीठ-मिरची लावलेलं ते अंडंच दिसत होतं. तिनं पेटीतून बाहेर येऊन पहिल्यांदा भोकाड पसरलं तेव्हा तू हसलीस, आणि मी संडासात जाऊन रडले.

आता ती रांगते म्हणे, आणि चपला तोंडात घालते. घालू दे.

अजूनही कुणी बशी पुढे केली की मी आधी विचारते, तुझी कुठंय? आणि दिसल्याशिवाय हात लावत नाही.

तू ये. येत्या रविवारीच ये, सासूलाही आण. माझ्या घरी मी वाढीन, तू पोटभर खायचंस, आणि मी तुझ्यानंतर बसेन. पोरीला चपला नव्या आणून ठेवते चघळायला. येशील ना गं?