दसऱ्याला देवापुढं मांडलेला नेम सर्व्हर

आमच्या समाजाच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट एका दसऱ्याला गायब झाली आणि त्याचं खापर नांदेडच्या माझ्या व्याह्यांवर, म्हणजे सुनेच्या वडिलांवर फुटलं. ते मीच फुटू दिलं. मंडळाच्या सभेत मी हे कबूल केलं आहे, पण तिथं ते कुणाला नीटसं कळलं नाही. म्हणून लिहून ठेवतो.

मी लातूरला पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि मंडळाची साइट सांभाळू लागलो. साइट एका कंपनीच्या मशीनवर होती आणि तिचा पत्ता जगाला सांगायचं कामही तीच कंपनी करायची. पत्ता सांगणाऱ्या मशीनला नेम सर्व्हर म्हणतात. गावाच्या वेशीवर बसलेल्या म्हाताऱ्यासारखं त्याचं काम असतं. कुणी नाव विचारलं की घर दाखवायचं. म्हातारा उठून गेला तरी घर जागेवरच असतं, पण पाहुणा वेशीवरूनच परत फिरतो.

आमचे अध्यक्ष उदगीरचे, त्यांचं अडतीचं दुकान. आपल्या समाजाचं नाव परक्यानं का सांगावं, असं त्यांनी भर सभेत विचारलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबेपर्यंत नेम सर्व्हर माझ्या घरी आला होता.

कॉम्प्युटरला हुकूम टाइप करून काम सांगायची ती काळी खिडकी मी तोवर कधी वापरली नव्हती. एकदा चुकून उघडली, तेव्हा आत एक पांढरी रेघ लुकलुकत होती. कुणीतरी माझ्या बोलण्याची वाट पाहत असल्यासारखं वाटलं, म्हणून मी ती बंद केली. पण बटणं असलेलं एक पॅनेल मिळालं. व्हिडिओ लावायचा, त्यातला माणूस जिथं दाबेल तिथं दाबायचं. ब्रॉडबँडवाल्याकडून कायमचा पत्ता घेतला आणि मुलाच्या जुन्या डेस्कटॉपवर सगळं चालू झालं. काय चालू झालं, ते मला आजही सांगता येणार नाही.

नियम असा की नेम सर्व्हर दोन हवेत आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा उत्तर देतो. दुसरा कुणाकडे ठेवायचा? मी व्याह्यांना विचारलं. मुलीच्या बापाला मुलाचा बाप काही मागतो तेव्हा त्याला विचारणं म्हणत नाहीत, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांनी दिवाणखान्यातला टीव्ही हलवून तिथं मशीन ठेवलं. पाहुणे आले की, "जावयाच्या घरचं हाय," एवढंच सांगायचे.

त्या वर्षी वधू-वर मेळाव्याची नोंदणी साइटवरूनच होती आणि तिचा शेवटचा दिवस दसरा ठेवला होता, मुहूर्त चांगला म्हणून. आणि खंडेनवमीला आमच्या घरी विळीपासून स्कूटरपर्यंत सगळं पुजलं जातं. पुजलेलं अवजार दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत चालवायचं नाही. मी डेस्कटॉप बंद केला, देवापुढं मांडला, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. मनात म्हटलं, नांदेड आहेच.

नांदेडला व्याह्यांनीही तेच केलं आणि मनात म्हटलं, लातूर आहेच.

साइट आपल्या जागी धडधाकट चालू होती. फक्त ती कुठं आहे हे सांगणारं जगात कुणी नव्हतं. पण आधी पाहिलेला पत्ता फोन काही वेळ लक्षात ठेवतात. त्यामुळे सुरुवातीला एकाच घरात बापाला साइट दिसायची आणि आईला दिसायची नाही. यावरून देवणीच्या एका घरात भांडण झालं. हळूहळू ती बापांनाही दिसेना.

दसऱ्याला दुपारी अध्यक्षांचा फोन आला. मी धावत जाऊन माळ काढली, मशीन लावलं आणि म्हणालो, "आमचं तर चालू हाय. नांदेडला विचारा."

त्या क्षणी ते खरंच चालू होतं. या एका वाक्यावर मी कित्येक वर्षं झोपलो.

नांदेडला विचारल्यावर व्याह्यांनी बंद होतं असं सरळ सांगितलं. मंडळाच्या नांदेड शाखेचं अध्यक्षपद त्यांना मिळणार हे ठरल्यातच होतं. ते नायगावच्या एका गृहस्थांना गेलं. सभेत कुणीतरी टोमणा मारला की, देवभोळ्याच्या हातात मशीन दिल्यावर दुसरं काय व्हायचं. मी व्याह्यांच्या शेजारीच बसलो होतो. माझ्या नखात अजून कुंकू होतं.

गेल्या वर्षी त्यांना दवाखान्यात दाखल केलं. घरी आल्यावर मी भेटायला गेलो आणि सगळं सांगितलं. ते उशी सारखी करत म्हणाले, "मला म्हाईत हाय. त्याच दिवशी इहीणबाईंनी फोनवर हौसेनं सांगितलं होतं आमच्या हिला, मशीनला केवढी माळ घातली ते."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं.

"पोरगी तुमच्या घरी हाय," ते म्हणाले.

पुढच्या सभेला मी त्यांना गाडीतून सोबत नेलं आणि उभं राहून सगळं सांगितलं. वेशीवरच्या म्हाताऱ्यापासून माळेपर्यंत. मग भोकरच्या एकानं विचारलं, "मंग आता चालू हाय ना?" मी हो म्हणालो. त्यावर चर्चा होऊन ठराव मंजूर झाला की एका वर्षी लातूरच्या मशीनची पूजा करावी, एका वर्षी नांदेडच्या. सूचक अध्यक्ष, अनुमोदक नायगावचे. व्याह्यांचं नाव कुणीच घेतलं नाही. मी पुन्हा उठलो, तेव्हा चहा आला.

परतताना व्याही गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत होते.

"तवाच बोलला असता तर मी अध्यक्ष झालो असतो," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुढं बोलले, "लई मीटिंगा असतात म्हणा."

मी हसलो. ते हसले नाहीत.