बांधावर शिकलेला घाट

माझे मेहुणे विब्रेन यांनी छत्तीस वर्षं हॉलंडच्या फ्रीसलंडमधल्या आमच्या कालव्यावरचा पूल वर-खाली केला. होडी आली की गाड्या अडवायच्या, पूल उचलायचा, होडी गेली की टेकवायचा. त्या पुलापेक्षा उंच कशावरही त्यांचा विश्वास नव्हता. सुट्टी म्हणाल, तर एकतीस उन्हाळे तीच कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर, घेऊन घरापासून एकोणीस किलोमीटरवर, कॅम्पिंगच्या मैदानातल्या चौदा नंबरच्या त्याच जागेवर जाऊन बसायचं. तिथून आमच्याच गावचं चर्च दिसतं.

मेहुण्यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी त्यांच्या बायकोने, म्हणजे माझ्या रेन्स्काताईने, केक कापता कापता जाहीर केलं, "यंदा आल्प्सच्या पलीकडे जायचं. इटलीतल्या तळ्याकाठी. आणि विब्रेन, अर्ध्या वाटेतून गाडी फिरवलीस, तर मी उतरणार आणि एकटी पुढे जाणार. परत कधी येईन ते विचारू नकोस."

ताई धमक्या देत नाही. मेहुण्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

आमच्याकडे चढ एकच, समुद्राचा बांध. उंची नऊ मीटर. मेहुणे महिनाभर कॅरव्हॅन जोडून त्याच्यावर चढले आणि उतरले. लोक खुर्च्या घेऊन बघायला यायचे. शंभर वेळा चढून झाल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, 'नऊशे मीटर.'

"निम्मा आल्प्स झाला," ते मला म्हणाले, आणि खरंच तसं समजत होते!

मग वजन कमी करायचं म्हणून त्यांनी दात घासायच्या ब्रशांचे दांडे कापले, आणि साठ किलो बटाटे भरले. "इटलीवाल्यांना बटाट्यातलं काय कळतं?" त्यातली एक पिशवी मागच्या सीटवर माझ्या मांडीवर आली. नकाशा वाचायला म्हणून मला सोबत घेतलं होतं. मी सरळ म्हटलं, "भाऊजी, बोगद्यातून जाऊ."

"आधीच आपण समुद्राच्या खाली राहतो. आता डोंगराच्याही खाली जाऊ?"

म्हणून घाट. जुलै महिना, इंजिन तापू नये, त्याची उष्णता आत ओढली जावी म्हणून गाडीत हीटर पूर्ण चालू. मी घामाने भिजलो होतो आणि कॉफीला दहा मिनिटं बाकी होती. मेहुणे जगात कुठेही असोत, सकाळी दहाला कॉफी आणि एक बिस्किट. एकच. बरोबर दहा वाजता, ऐन वळणावर, त्यांनी ब्रेक दाबला.

"अहो भाऊजी, इथे? चढावर?"

"दहा वाजले," ते म्हणाले आणि थर्मास काढला.

मागे आमच्याच देशाच्या अकरा कॅरव्हॅन खोळंबल्या होत्या. आता शिव्या बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण शिव्या कसल्या! त्यांनीही घड्याळ बघितलं, घडीच्या खुर्च्या काढल्या आणि रस्त्यावर मांडल्या. अख्ख्या घाटात कॉफीचा वास सुटला. फक्त दुधाच्या टँकरचा ऑस्ट्रियन ड्रायव्हर तेवढा भोंगा वाजवून वाजवून दमला.

कॉफी संपली, पण गाडी जागची हलेना. क्लचचा जळका वास यायला लागला. शेवटी त्या अकरा कॅरव्हॅनमधल्या लोकांनी आणि टँकरवाल्यानेही ढकलत ढकलत आम्हाला माथ्यावर पोचवलं.

माथ्यावर मेहुणे उतरले, पलीकडचा उतार बघितला आणि मटकन खाली बसले. खाली वळणावर वळणं, आणि बाजूला नुसती हवा.

"रेन्स्का, मला नाही जमायचं. आपण परत जाऊ."

ताईने त्यांच्या खिशातून चावी काढली, कमरेचा पट्टा आवळला आणि स्टिअरिंगवर बसली. जन्मात तिने कॅरव्हॅन ओढली नव्हती.

"येतोस की राहतोस?" तिने विचारलं.

मेहुणे उठले. मला वाटलं, आता मागे चालू लागणार. पण ते गाडीच्या पुढे गेले, डोंगराला चिकटून उभे राहिले आणि उजवा हात वर केला. समोरून येणारी बस थांबली. त्यांनी ताईला बोटाने खूण केली: ये, रुंद घे, अजून. आणि चालू लागले.

असा सगळा घाट माणूस पायी उतरला, उलटा, दरीकडे एकदाही न बघता. प्रत्येक वळणावर बस, मोटरसायकली, एकदा तर गायींचा कळप अडवून धरला. कोणी हुज्जत घातली नाही. त्या हाताचा दराराच तसा होता! मागच्या सीटवर मला रडू आलं, ते काही बटाट्यांच्या वजनाने नव्हे.

चार तासांनी सपाटी लागली. मेहुणे लंगडत येऊन ताईशेजारी बसले. पायांना फोड आले होते.

"तुला भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं.

"वाटली ना," ताई गिअर टाकत म्हणाली. "पण त्या चौदा नंबरवर मरायची जास्त वाटत होती."

मेहुण्यांनी हात पुढे करून हीटर बंद केला.