काळ्या ग्रॅनाइटचा ओटा

जळगावच्या पिंप्राळ्यात कुणाचं घर बांधायला निघालं की कौतिकभाऊंना बोलावणं यायचं. ते गवंडी नव्हते, इंजिनिअर नव्हते. धरणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये देखरेखीला होते. पण फरशीच्या दुकानात ते बरोबर असले की घेणाऱ्याला धीर यायचा.

"बाथरूमला गुळगुळीत फरशी नको," ते सांगत. "खिडकीखालच्या दगडाला बाहेर उतार द्या. मोरीचं दार लाकडी घेऊ नका, फुगतं. पांढरी फरशी दुकानात हसते आणि घरात रडवते."

लोक ऐकत. जे ऐकत नसत, ते पहिल्या पावसाळ्यानंतर मान खाली घालून येत.

ही सगळी अक्कल भाऊंनी भाड्याच्या दोन खोल्यांत राहून कमावली होती. त्या खोल्यांना एकच सुख होतं. पुढे ओटा होता. साधा, सिमेंटच्या कोब्याचा, कडा झिजलेला. उन्हं कलली की शेजारच्या प्रमिलाअक्का तिथे येऊन टेकत. मग गल्लीतल्या बाकीच्या बाया येत. मेथी निवडली जाई, दादर ज्वारी पाखडली जाई, सासवांची आणि सुनांची निंदा एकाच सुरात होई. भाऊंच्या पत्नी कोकिळाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना शहरात कुणीच ओळखीचं नव्हतं. अक्कांनी त्यांना त्या ओट्यावर आपलं केलं. बाळंतपणात तेल लावलं. एकदा कोकिळाबाई रागावून माहेरी निघाल्या, तेव्हा हातातली पिशवी काढून घेतली.

पुढे भाऊंनी प्लॉट घेतला. पिंप्राळ्याच्याच कडेला, नव्या कॉलनीत. गुडघे धरत का होईना, अक्कांना चालत येता येईल एवढ्या अंतरावर. घराचं तोंड पश्चिमेला.

नकाशा काढताना भाऊंनी बायकोला विचारलं, "तुला काय पाहिजे?"

"पुढे ओटा."

"आणखी?"

"बाकी तुम्ही कराल ते चांगलंच असेल. ओटा तेवढा अक्का बसतील असा करा."

भाऊंनी ते मनावर घेतलं. टेप घेऊन जुन्या ओट्याची उंची मोजली, रुंदी मोजली. अक्कांना बसवून पाहिलं, उठवून पाहिलं.

"काय रे कौतिक, मनं माप कसाले लई राहिना?" अक्का म्हणाल्या. "चोळी शिवस का मनी?"

"ओटा शिवतोय, अक्का. ढिला झाला तर सांगा."

ओटा तंतोतंत उतरला. मग वर काय घालायचं हा प्रश्न आला. स्वयंपाकघरासाठी आणलेल्या काळ्या ग्रॅनाइटची मोठी लादी उरली होती.

"कोबाच करा," कोकिळाबाई म्हणाल्या.

"कोबा? नव्या घराला? तडे जातील, धूळ सुटेल. ग्रॅनाइट डाग धरत नाही. फडकं मारलं की झालं."

"त्याच्यावर बसायचं आहे. पुसायचं नाही."

भाऊ हसले. गवंडीही हसला. पुढे किती तरी दिवस भाऊ हा किस्सा घर बघायला येणाऱ्यांना सांगत. "आमची ही म्हणते, पुसायचं नाही!" कोकिळाबाई तिथेच चहाचे कप घेऊन उभ्या असत.

वास्तुशांत मार्गशीर्षात झाली. थंडी कडक होती. दुपारच्या उन्हाने दगड कोमट झालेला. जुन्या गल्लीतल्या बाया त्यावर मांडी ठोकून बसल्या.

"बठ्ठं घर पाही लिधं," अक्का म्हणाल्या. "पन माले हाईच जागा आवडनी."

भाऊंनी बायकोकडे पाहिलं. 'बघ' असं ते तोंडाने म्हणाले नाहीत एवढंच. कोकिळाबाईही त्या दिवशी खुलल्या होत्या. थंडीभर अक्का येत राहिल्या.

फाल्गुन सरला आणि जळगावचं ऊन जळगावच्या उन्हासारखं पडू लागलं. दुपार कलली की सूर्य थेट ओट्यावर. काळा दगड दिवे लागले तरी निवेना. एका संध्याकाळी अक्का आल्या, नेहमीसारख्या टेकल्या आणि वयाला शोभणार नाही अशा चपळाईने उठल्या.

"कोकिळा! घरम्होरे तवा मांडेल शे का व माय? पीठ लई ये, भाकरी टाकूत!"

बाया हसल्या. आतून भाऊही हसले. कोकिळाबाईंनी अक्कांना हाताला धरून आत नेलं, सोफ्यावर बसवलं, सरबत दिलं. अक्का सोफ्याच्या काठावर अवघडून बसल्या. ग्लास संपवला, पदराने तोंड पुसलं आणि उठल्या. बाकीच्याही उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून भाऊंचे उपाय सुरू झाले. ओट्यावर बादल्या ओतल्या. वाफ निघाली, दगड थोडा निवला, पुन्हा तापला. गोणपाट भिजवून टाकलं, तर बायांची लुगडी भिजली. हिरवी जाळी बांधली, ती वावटळीने फाडली. मग जाड गादी, वर सतरंजी. कोकिळाबाई रोज अंथरायच्या, रोज उचलायच्या. बाया ते पाहून संकोचायच्या. ओट्यावर माणूस जाता जाता टेकतं. गादी अंथरली की त्याचा पाहुणचार होतो, आणि पाहुणचार रोज घेववत नाही.

"मनासाठे रोज अंथरुन नको करू माय," अक्का म्हणाल्या. मग त्यांचं येणं विरळ झालं.

"फोडून टाका ना तो दगड," कोकिळाबाई एकदाच म्हणाल्या.

"एवढा चांगला माल? एक उन्हाळा काढू. पुढच्या वर्षी वर पत्रा टाकू."

दगड काढायला एक दुपार पुरेल हे भाऊंना ठाऊक होतं. पण लोक ज्याला विचारून आपलं घर ठरवतात, त्याने सगळ्यांदेखत स्वतःच्या घरापुढे घण चालवायचा? तेवढ्यासाठी त्यांनी तो उन्हाळा जाऊ दिला.

उन्हाळ्याच्या शेवटी अक्कांचा मुलगा हितेंद्र सुरतेहून आला. आईला न्यायला. अक्कांचे गुडघे आता फारच धरले होते, आणि इथे बघायला कुणी नव्हतं. स्टेशनला जाताना अक्कांनी रिक्षा भाऊंच्या घरावरून घ्यायला लावली. त्या उतरल्या नाहीत. कोकिळाबाई रिक्षाला धरून उभ्या राहिल्या. अक्कांनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. मग डोकं बाहेर काढून त्या ओट्याकडे पाहू लागल्या.

"कौतिक, निवना का रे तुना तवा?"

भाऊ हसायला गेले. हसू आलं नाही.

"दिवाळीला या, अक्का. तोवर निवेल."

"पाहू," अक्का म्हणाल्या, आणि रिक्षा निघाली.

त्याच आठवड्यात घण आला. गवंडी तोच होता. "भाऊ, चांगला दगड आहे हो," तो म्हणाला. "फोड," भाऊ म्हणाले. आवाज ऐकून शेजारी गच्चीवर आले. भाऊ खाली मान घालून तुकडे गोळा करत राहिले.

कोकिळाबाई दारात आल्या. "आता कशाला?" एवढंच त्या म्हणाल्या. पण दगडाच्या जागी घातलेल्या नव्या कोब्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम त्यांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

एरंडोलहून कोकिळाबाईंचा भाऊ समाधान आला. त्यानेही घर बांधायला काढलं होतं. "भाऊजी, पुढच्या पायऱ्यांना काय घालू?"

"तुझ्या बहिणीला विचार."

"का हो, सल्ल्याचं दुकान बंद केलं का?"

कौतिकभाऊ पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेले. तिथून त्यांना ऐकू आलं.

"तिथे बसणार कोण आहे?" कोकिळाबाई भावाला विचारत होत्या.

"आई बसते ना."

"मग आईला विचार. ती म्हणेल ते घाल. हसू नको फक्त."

आवाजात राग नव्हता. राग असता तर भाऊंना बरं वाटलं असतं.

दिवाळीला अक्का आल्या नाहीत. प्रवास झेपणार नाही, असं हितेंद्रने फोनवर कळवलं. अक्का नाहीत तर एवढं चालत यायचं जुन्या गल्लीतल्या बायांना कारणच उरलं नव्हतं. आणि नव्या कॉलनीतल्या बाया संध्याकाळी आपापल्या गेटच्या आत असत. येता-जाता मान हलवत.

कोकिळाबाई मात्र उन्हं कलली की मेथीची जुडी घेऊन बाहेर बसू लागल्या. एकट्या. भाऊंना ते बघवेना. एक दिवस तेही जाऊन शेजारी बसले. कोबा गार होता. ओटा उंचीला, रुंदीला अगदी बेताचा होता. कुणालाही बसायला सोपा.

भाऊंनी जिनिंगमधल्या दोन गोष्टी सांगितल्या. कोकिळाबाईंनी हूं हूं केलं.

"त्या दिवशी मी हसलो," भाऊ म्हणाले. "हसायला नको होतं."

कोकिळाबाईंनी एक काडी मोडली. "झालं ते झालं. अहो, तुम्ही आत जा."

"का?"

"पुरुष माणूस बसलेला दिसला की बाया थांबत नाहीत."

भाऊ उठले. आत येऊन खुर्चीवर बसले. टीव्ही लावला नाही. पंख्याच्या घरघरीत बाहेरचं ऐकू येईना, म्हणून त्यांनी पंखाही बंद केला. रस्त्यावरून चपला वाजत आल्या. गेटपाशी थोड्या हळू झाल्या.

"मेथी का?" कुणीतरी विचारलं.

"हो. या ना, बसा."

"नको, कुकर लावलाय."

चपला पुढे गेल्या. अंधार पडला तरी भाऊ दिवा न लावता तसेच बसून राहिले, पुढच्या चपलांकडे कान लावून.